सतरा नंबरच्या बांधीतला मोथा

"मॅडम, परवा पेरतो. पाचही एकर. सगळा सतराच. आता बोला."

खेमराजभाऊंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मागच्या वर्षीचे फोटो पाहत बसले होते. बसले होते म्हणजे काय, उठत होते, खिडकीपर्यंत जात होते, परत येऊन तोच फोटो बोटांनी मोठा करून पाहत होते. टेबलावरचा चहा केव्हाच गार झाला होता आणि पेनाचं टोपण मी चावून चावून चपटं केलं होतं.

"बघते आणि कळवते," मी म्हणाले.

"आता बघायचं काय राहिलं? तुमीच त सांगतलं होतं."

खरं होतं. मीच सांगितलं होतं. म्हणूनच तर सकाळपासून जिवाला चैन नव्हती.

मी तणशास्त्रज्ञ. गोंदिया जिल्ह्यातल्या एका भात संशोधन केंद्रात नोकरी केली आणि गेल्या वर्षी रिटायर झाले; ही गोष्ट त्याआधीची. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ म्हणजे पीक वाढवणारा माणूस. मी उलट्या बाजूची. पिकात जे नको ते का उगवतं, किती उगवतं, आणि कशाने थांबतं, एवढंच मी आयुष्यभर मोजलं. गावोगावी मला 'तनवाल्या मॅडम' म्हणत. सुरुवातीला राग यायचा. मग सवय झाली.

मोजायची पद्धत साधी असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लोखंडी चौकट घ्यायची, शेतात कुठेही टाकायची आणि आत जेवढं तण सापडेल ते उपटून, मोजून, वाळवून, तोलायचं. आमचे फील्ड असिस्टंट मेश्रामभाऊ त्या चौकटीला खिडकी म्हणत. "मॅडम, खिडकी कुठी फेकू?" असं ते विचारायचे आणि माझ्याकडे पाठ करून फेकायचे. पाहून फेकली तर माणूस नकळत सोयीची जागा निवडतो. हे मेश्रामभाऊंना मी शिकवलं नव्हतं, त्यांनी मला शिकवलं.

आता सतरा नंबर काय भानगड होती ते सांगते.

काही धान्यपिकांची मुळं जमिनीत रसायनं सोडतात. अगदी थोडी. ती रसायनं शेजारी उगवणाऱ्या तणाच्या कोवळ्या मुळाला खाली उतरू देत नाहीत. याला अ‍ॅलिलोपॅथी म्हणतात. ज्वारी या कामात पटाईत. तिच्या बारीक मुळांवर पिवळट तेलकट थेंब दिसतात, तेच ते औषध. भातातही काही वाण असं करतात, पण फार थोडे, आणि बहुतेक जुने. नवे वाण निवडताना आपण दाणा पाहिला, उंची पाहिली, मुळं काय झिरपवतात हे कोणी पाहिलंच नाही.

मेश्रामभाऊ एकदा देवरीकडे पाहुणपणाला गेले होते. तिथल्या एका घरी त्यांनी ऐकलं, "हा धान लावला का सावा दबून राहते." सावा म्हणजे धानासारखंच दिसणारं गवत. लहानपणी ओळखू येत नाही आणि ओळखू येतं तेव्हा उशीर झालेला असतो. मेश्रामभाऊ त्या घरून दोन पायली बियाणं पिशवीत घालून घेऊन आले. आमच्या वहीत ते सतराव्या ओळीवर नोंदलं गेलं. म्हणून सतरा नंबर.

काचेच्या बशीत मी सतराचे दाणे रुजवले, बाजूला सावा टाकला, दुसऱ्या बशीत मोथा या तणाच्या गाठी. सावाची मुळं खरंच आखूड राहिली. इतकी वर्षं तण मोजल्यावर तण दाबणारा धान हाती लागला होता. दोन वर्षं केंद्रावर बियाणं वाढवलं. मग खऱ्या शेतात लावून पाहायचं ठरलं.

केंद्रावरच्या ट्रायलमध्ये त्याच खरिपात पाणी तुंबलं आणि सगळा हिशेब बिघडला. उरलं एकच शेत, खेमराजभाऊंचं.

खेमराजभाऊ पोवार समाजातले. शेत चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर, पाच एकर. तिरोड्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर ते तिथे असतात. शेत पाहायचे त्यांचे वडील. वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांना घरचे आणि गावचेही बाबूजी म्हणतात. रोवणीला माणसं मिळेनात म्हणून त्या घरानं आवत्या सुरू केला होता. आवत्या म्हणजे रोपांचे पऱ्हे टाकून, उपटून पुन्हा लावायची भानगड नाही. बी थेट बांधीतच, म्हणजे भाताच्या खाचरात, पेरायचं. काम वाचतं, पण तण बोकांडी बसतं, कारण धान आणि सावा एकाच दिवशी उगवतात.

"मॅडम, एक साल पायतो," खेमराजभाऊ मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "जमलं त जमलं. नाही त सगळी बांधी ठेक्यानं दुसऱ्याले देऊन टाकतो. मले दुकान सोडून निंदन करता येत नाही, अन् बाबूजीच्यानं आता होत नाही."

बाबूजी तेव्हा शेजारीच खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हे ऐकून ते कातरायचे थांबले.

चार बांध्या घेतल्या. दोन रस्त्याला लागून, त्यात सतरा. दोन मागे, त्यात नेहमीचा वाण. दोन्ही वाणांची एकेक बांधी निंदायची, म्हणजे हातानं तण काढायचं, आणि एकेक तशीच सोडायची. निंदण न केलेल्या बांधीत तण किती माजतं, यावरच सगळा निकाल अवलंबून. मी दर पंधरा दिवसांनी बुधवारी जायचे. खिडकी टाकायची, मोजायचं, फोटो काढायचे, परत यायचं.

आणि निकाल काय लागावा? मागची न निंदलेली बांधी सावाने भरली, कमरेएवढी. पुढची सतराची न निंदलेली बांधी स्वच्छ! हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकं तण. मी तर नाचायचीच बाकी होते. केंद्रप्रमुखांना, म्हणजे मोठ्या सरांना, सांगितलं, सरांनी बातमी दिली, ती छापून आली. खेमराजभाऊंनी सतराचं पिकलेलं सगळं धान विकायचं सोडून बियाण्याला ठेवलं. आता ते पाच एकरांत तणनाशक न मारता, निंदण न करता पेरणार होते.

आणि मी त्या जूनच्या सकाळी, रिव्ह्यू मीटिंगच्या स्लाइड्स लावताना, एका फोटोवर अडकले होते.

मोथा कुठे गेला?

हा प्रश्न मला वर्षभर आधी पडायला हवा होता. मोथा जमिनीखालच्या गाठीतून उगवतो. त्याला बीच लागत नाही. माझ्या काचेच्या बशीत सतराने सावाला दाबलं होतं, मोथा मात्र ढिम्म हलला नव्हता. मागच्या बांधीत मोथा होता, बाजूच्या शेतात होता, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, होता. पुढच्या बांधीत एक काडी नाही. माका नाही. केना हे तणही नाही. मुळांतलं रसायन निवड करतं, एकाला दाबतं, दुसऱ्याला सोडतं. तणनाशक म्हणावं तर पिवळं पडून वाळलेलं तण उभं दिसायला हवं होतं. तेही नव्हतं. मग सरसकट सगळं साफ कोण करतं?

फोटोच्या कोपऱ्यात, धुऱ्यावर, एक टोपली होती. टोपलीशेजारी गवताचा ढीग. आजवर मी समजत होते की तो शेजारच्या निंदलेल्या बांधीतला आहे. फोटो मोठा केला तर ढिगात मोथा दिसला, गाठींसकट, चिखलासकट, ताजा. निंदलेल्या बांधीचं निंदण त्या फोटोच्या आधी बारा दिवस होऊन गेलं होतं. माझ्याच वहीत तसं लिहिलेलं होतं.

मी मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, सतरा नंबरचा निकाल मला मागे घ्यायचा आहे."

"कुठून मागे?"

"स्लाइडमधून. बातमीतून. सगळीकडून."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नाही, पण मीटिंगच्या आठवड्यात माणूस माणूस राहत नाही. "मॅडम, सोमवारी रिव्ह्यू आहे. आपल्या केंद्राची लोकांना आठवेल अशी ही एकच स्लाइड आहे. ती तुम्ही काढायला सांगताय. कारण काय, तर मोथा दिसला नाही?"

"हो."

"मोथा नाही ही चांगली गोष्ट आहे."

"तीच वाईट गोष्ट आहे, सर. कोणीतरी ती बांधी हातानं निंदली आहे."

"कोणी?"

"माहीत नाही."

"का?"

"माहीत नाही."

"वा! म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही आणि तुम्ही निकाल मागे घेताय." ते उठून पंख्याचं बटण कमीजास्त करू लागले. "फक्त एका शेताचा निकाल आहे हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं का?"

माहीत होतं. कोणताही प्रयोग एकाच जागी करून भागत नाही, तीन-चार ठिकाणी तोच तसाच करावा लागतो, हे मी नव्या पोरांना घसा फोडून सांगत आले होते. स्वतःच्या वेळी मला निकाल इतका आवडला की मीच ते विसरले. हे मी सरांना सांगितलं नाही. पण इथे सांगते, चूक माझी होती.

"परवा तो माणूस पाच एकर पेरतो आहे, सर," मी म्हणाले. "ऑगस्टमध्ये त्याची बांधी पाहायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

सर खुर्चीत परत बसले. मग म्हणाले, "जाऊन या. खात्री करा. स्लाइड मी अजून काढत नाही."

मेश्रामभाऊ आणि मी जीपने निघालो. ढग येऊन येऊन जात होते, उकाड्याने जीव नकोसा झाला होता. रस्त्यात दोन ठिकाणी कोरड्या बांध्यांत पेरणी सुरू दिसली आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा फोन काढला. खेमराजभाऊंचा फोन लागत नव्हता.

"मेश्रामभाऊ, तुम्हाला कधी शंका नाही आली?"

"आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी गिअर बदलला. "तुमी खुश होत्या भल्ल्या."

बस, एवढंच. शिव्या द्यायच्या तर कोणाला द्यायच्या?

खेमराजभाऊ दुकान बंद करून आमच्याबरोबर शेतावर आले. धुऱ्यावरच्या मोहाखाली बियाण्याची पोती आणून ठेवली होती. बाबूजी पोत्यांना टेकून बसले होते. रस्त्याच्या कडेला, सतराच्या बांधीसमोर, आमचा फ्लेक्स अजून उभा होता. वर्षभराच्या उन्हाने रंग उडाला होता, पण अक्षरं दिसत होती. वर बाबूजींचं नाव, कारण सातबारा त्यांच्या नावावर. त्याखाली वाण, सतरा नंबर. त्याखाली, निंदण: नाही.

फ्लेक्स एकच छापून आला होता, म्हणून मी तो रस्त्यावरच्या बांधीत लावला होता. मागच्या बांधीला पाटीच नव्हती. मी त्या पाटीकडे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाबूजी," मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "मागच्या साली या बांधीतलं तण तुम्ही काढलंत का?"

"हो."

इतक्या सहज म्हणाले. खेमराजभाऊंनी डोक्याला हात लावला.

"काऊन?" ते ओरडलेच. "मॅडमनं सांगतलं नव्हतं का, या बांधीले हात लावायचा नाही म्हनून?"

"सांगतलं होतं."

"मंग काऊन लावला?"

बापलेक घरी पोवारी बोलीत बोलतात. पुढची चारदोन वाक्यं त्यांची पोवारीतच झाली, मला अर्धंमुर्धं कळलं. मग बाबूजी माझ्याकडे वळले.

"बाई, पाटीवर माहं नाव होतं. एवढ्या मोठ्या अक्षरात. रस्त्यानं जानारा हरेक मानूस थांबून वाचे. वर माहं नाव, खाली लिवलं निंदन नाही, अन् समोर सावा. लोक काय समजनार? म्हातारा आरशी झाला. सत्तर साल झाले बांधीत उतरून. माह्या बांधीत सावा कोनी पायला नाही."

"पण बाबूजी, तो प्रयोग होता."

"तुमच्यासाठी. रस्त्यावरच्या लोकाईले काय मालूम?" त्यांनी हातातली काडी मोडली. "अन् तुमी बुधवारी येत होत्या. घरी पाहुना येते त आंगन झाडून ठेवा लागते का नाही? रोज पाहटे दोन घंटे. मंगरवारी जास्त."

"आणि मागची बांधी?"

"मागं कोन पायते?"

मेश्रामभाऊंनी तोंड फिरवलं. हसत होते लेकाचे. मला हसू आलं नाही. पंच्याहत्तरीच्या पुढचा माणूस, रोज पहाटे दोन तास चिखलात वाकून तण उपटत होता, आणि मी दर बुधवारी येऊन त्याच्या कष्टाला मुळांतलं रसायन समजून वहीत लिहून घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खेमराजभाऊ पोत्यांभोवती येरझारा घालत होते. "गावभर सांगून बसलो मी. आपला धान तन खाते म्हनून. आता?"

"आता पाच एकर पेरू नका," मी म्हणाले. "निंदणाशिवाय हे पीक सावा खाऊन टाकेल."

"मंग काय करू? मानसं मिळत नाहीत. तननाशकाचा खर्च करून बी मागच्याच्या मागच्या साली सावा उरलाच, तुमाले माहीत आहे. सरळ ठेक्यानं देतो. उद्याच बोलतो."

बाबूजींनी मान खाली घातली. हातातल्या मोडलेल्या काडीचे तुकडे ते एकेक करून जमिनीवर ओळीत ठेवत होते. त्यांना तेव्हा कळलं असावं की आपण काय करून ठेवलं. लोकांनी आळशी म्हणू नये म्हणून रोज राबले आणि त्यातूनच आता शेत हातचं चाललं होतं. आणि खरं बोलून ते घालवणारी मी.

मला बसवेना. मी उठले, बांधीत उतरले, पुन्हा वर आले. "खेमराजभाऊ, माझं ऐका. सतरा अगदीच खोटा नाही. काचेच्या बशीत मी स्वतः पाहिलंय, सावा दबतो. मरत नाही, पण दबतो. फेकून पेरू नका, ओळीत पेरा, म्हणजे मधून तण काढायचा वीडर फिरवता येईल. एक एकरात करा. बाकीचं तुमच्या मनाप्रमाणे. दोन-तीन निंदण्यांऐवजी एकीत भागलं, तर तुम्हाला शेत ठेवायला परवडेल?"

"एक निंदन त मी दुकान बंद ठेवून बी करीन," ते म्हणाले. "पन तुमचं सांगनं आता कायले खरं मानू?"

"मानू नका. मोजा."

खेमराजभाऊंनी एका पोत्याची गाठ ओढून पाहिली. मग बाबूजींकडे पाहून म्हणाले, "एक साल. हे शेवटचं. अन् बाबूजी, न निंदलेल्या बांधीले बोट लावलं त मी त्याच दिवशी ठेका करतो."

घरी परत येताना मी मोठ्या सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "स्लाइड काढा. त्या जागी काय घालायचं ते तुम्हीच ठरवा, आणि उभ्या राहून तुम्हीच सांगा." सोमवारी मी उभी राहिले आणि सांगितलं. समोरच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "म्हणजे तुमचं अ‍ॅलिलोपॅथिक एजंट एक म्हातारे गृहस्थ होते?" सगळं सभागृह हसलं. सरही हसले. मीही दात दाखवले, दुसरं काय करणार? बातमीचा खुलासा आम्ही पाठवला. तो कुठे छापून आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्या खरिपात मी धड झोपले नसेन. चार एकरांत खेमराजभाऊंनी नेहमीसारखं केलं, एका एकरात सतराचा प्रयोग. या वेळी मी लहान लहान वाफे पाडले, दोन्ही वाणांचे, तीनदा तेच तसंच, कुठला वाण कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. केंद्रावरही तसंच. आणि पाटीचा प्रश्न आला तेव्हा बाबूजी म्हणाले, "माहं नाव नको."

"बरं. माझं लिहिते."

मी माझंच नाव लिहिलं. निंदण न केलेल्या वाफ्यात, रस्त्याला लागून, माझं नाव, माझी पदवी, आणि खाली निंदण: नाही.

राखण करायला बाबूजी. त्यांचं काम एकच, कोणालाही तण उपटू द्यायचं नाही, स्वतःलाही. मी बुधवारी गेले की ते धुऱ्यावर दोन्ही हात काखेत दाबून बसलेले दिसायचे. सावा वाढत होता. रस्त्यानं जाणारे थांबायचे, पाटी वाचायचे, एकमेकांना कोपरखळी मारायचे. एकदा एक बाई डोक्यावर भारा घेऊन उभी राहिली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येवढी शिकलेली बाई, अन् बांधी पाय कशी ठेवली!"

मी जीपकडे पाहून काहीतरी शोधल्यासारखं केलं.

काय गंमत आहे पाहा. त्या म्हाताऱ्याने मनात आणलं असतं तर पुन्हा पहाटे उठून सतराचे वाफे साफ केले असते, मुलाला सतरा चमत्कारी वाटला असता, शेत घरात राहिलं असतं. मला काय कळलं असतं? बाबूजींनाही ते सुचलं असणार. एकदा मी विचारलंच, "बाबूजी, हात शिवशिवत नाहीत?"

"रात्री सपनात निंदतो," ते म्हणाले.

सप्टेंबरमध्ये शेवटची मोजणी होती. मेश्रामभाऊंनी पाठ करून खिडकी फेकली. मी आत वाकले. खेमराजभाऊ दुकान सोडून आले होते, धुऱ्यावर उभे होते. सगळे वाफे मोजायला दुपार झाली. मग मी वहीत बेरीज केली. सतराच्या न निंदलेल्या वाफ्यांत सावा होता, पण नेहमीच्या वाणापेक्षा बराच कमी, आणि जो होता तो बुटका, कणसं न धरलेला. मोथा जसाच्या तसा. माका, केना जसेच्या तसे. ज्या वाफ्यांत एकदाच वीडर फिरवला होता, तिथे सतरा छान उभा होता. नेहमीच्या वाणाला तेवढ्यात भागलं नव्हतं.

"म्हणजे?" खेमराजभाऊ.

"म्हणजे सतरा तुमचं सगळं काम करणार नाही. एक निंदणी तुम्हालाच करावी लागेल. दुसरी तो करेल."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, आकडे पाहिले, वाफे पाहिले, खाली उतरून दोन जागी सावा हातानं बाजूला करून स्वतः पाहिलं. मग वही परत दिली. "एक निंदन म्हंजे आठ दिवस दुकान बंद," ते म्हणाले. "ठीक आहे. बाबूजी, पुढच्या सालीचं बी वेगळं काढून ठेवा. ठेक्याचं मंग पाहू."

बाबूजींनी काखेतून हात काढले. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि माझ्याही.

खाली मान घालून मी पाटीजवळ आले, चौकट उचलायला. रस्त्यावर दोन सायकलवाले थांबले होते, माझं नाव वाचत होते. एक जण हसला. मला काय झालं कोण जाणे. पाटीच्या अगदी खाली सावाचं एक चांगलं जोमदार झुडूप होतं. मी वाकले, बुंध्याशी धरलं आणि एका झटक्यात मुळासकट उपटलं.

"बाई!" धुऱ्यावरून बाबूजी ओरडले. "हात लावू नका! मोजनी खराब होते!"

मोजणी संपली होती, त्यामुळे खराब काही झालं नाही. सावा मात्र माझ्या हातात होता, आणि मेश्रामभाऊ या वेळी तोंड न फिरवता हसले.

तेव्हापासून मी आमच्या केंद्रात एक नियम लावून घेतला आणि रिटायर होईपर्यंत पाळला. न निंदलेल्या बांधीच्या पाटीवर कोणाचंही नाव लिहायचं नाही. फक्त नंबर लिहायचा.